१५ वर्षांची मांजर पुन्हा उंदीर मारायला लागली आहे. कौतुक करू की डॉक्टरकडे नेऊ?

ओसरी

मंडळी, प्रश्न जरा उलटा वाटेल. मांजर मलूल झाली की लोक विचारतात, मी ती फार तरतरीत झाली म्हणून विचारतेय.

आमची ठमी १५ पूर्ण करून सोळाव्यात आहे. मूठभर पिल्लू होती तेव्हापासून आमच्याकडे. ऑपरेशन झालेलं, लसी वेळच्या वेळी (गेली दोन वर्षं सोडून, कबूल करते). तरुणपणी पट्टीची शिकारी. कपाटाच्या फटीसमोर पुढचे पंजे पोटाखाली घेऊन तासन् तास बसायची, शेपटीचं टोक तेवढं हलायचं, आणि मग एकच झडप. बाराव्या-तेराव्या वर्षी हे हळूहळू थांबलं. भिंतीवर पाल दिसली तरी एकदा बघायची आणि कूस बदलायची. आम्ही म्हटलं, बाईंनी निवृत्ती घेतली.

गेल्या तीन-चार महिन्यांत मात्र बाई पुन्हा रुजू झाल्यात! रात्री तीनला या खोलीतून त्या खोलीत घोडदौड. दोन वर्षं ज्या कपाटावर चढली नव्हती तिथे परवा बसलेली दिसली. एका आठवड्यात दोन उंदीर मारले, त्यातला एक माझ्या चपलेशेजारी नीट ठेवलेला. खाणंही जोरात. वाटी चाटून झाली की माझ्या पायात घोटाळते, ओरडते, पुन्हा मागते. मधूनमधून ओकते, पण केसांचे गोळे ती आधीही काढायचीच.

घरात सगळे खूश. नवरा म्हणतो म्हातारपणी चळ लागलाय. मीही आठवडाभर सगळ्यांना फोटो दाखवत फिरले. पण काल तिला उचललं तर पाठीचे मणके हाताला एकेक लागले. खाते दुप्पट आणि लागतात मणके, हे कसं? की या वयात असंच होतं? कुणाकडे एवढ्या वयाची आणि अजून शिकार करणारी मांजर आहे का?

---

तिसरी घंटा

आहे ना, आमचा बोका १७ चा आहे आणि गेल्याच महिन्यात त्याने उंदीर पकडलाय. काही होत नाही, उगीच नजर लावू नका!

स्कॉटलंडमधल्या ग्लेनटरेट डिस्टिलरीत टाउझर नावाची एक मांजर होती. जन्म १९६३ चा, गेली १९८७ मध्ये, म्हणजे २४ ला महिनाभर कमी. तिच्या नावावर २८,८९९ उंदरांचा विक्रम आहे. (हिशेब कुणी शेपट्या मोजून केला नव्हता. काही दिवस रोजची शिकार बघून सरासरीवरून काढलेला आकडा आहे.) तुमची ठमी त्या मानाने कालची पोर.

---

जुना कंदील

ओसरीताई, कौतुक दोन दिवस बाजूला ठेवा आणि आधी वजन करा. आधी स्वतः काट्यावर उभ्या राहा, मग तिला घेऊन, आणि वजाबाकी. माणसांच्या काट्याला शे-दोनशे ग्रॅम समजत नाहीत, लहान बाळांचा काटा मिळाला तर उत्तम. मग लसीच्या जुन्या कार्डावर वजन लिहिलेलं असेल ते शोधा.

असं म्हणतोय कारण माझ्याच घरात हे घडलंय. आमची १३ व्या वर्षी अशीच ‘तरुण’ झाली होती. आम्ही सहा महिने टाळ्या वाजवल्या, तोवर तिचं हृदय थकलं होतं. दहाच्या पुढच्या मांजरांत थायरॉइड वाढणं फार सर्रास आढळतं. गळ्यातली ग्रंथी जास्त संप्रेरक सोडते, शरीराची भट्टी रात्रंदिवस पेटलेली राहते. म्हणून भूक वाढते, वजन उतरतं, झोप उडते, रात्री ओरडणं सुरू होतं, उलट्या होतात, पाणी जास्त लागतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, वा, काय उत्साह! बहुतेक वेळा ती गाठ साधी असते, कर्करोगाची क्वचित. घाबरू नका, पण वाटही बघत बसू नका.

---

निवांत

कंदीलदादांशी सहमत, तरी एक भर. प्रत्येक चपळ म्हातारी मांजर आजारी नसते. माझ्या मते प्रश्न असा विचारायचा: तो जोर कधी गेलाच नव्हता, की जाऊन परत आला? १६ व्या वर्षीही जी पूर्वीसारखीच शिकार करते, वजन राखून आहे, शांत झोपते, तिची मजा बघा. पण दोन वर्षं निजून राहिलेली एकदम उठली तर शंका घ्यायची. म्हातारपण असं मागे फिरत नाही.

‘पोट भरलेलं असताना शिकार कशाला करेल, म्हणजे भूकच असणार’ असं कुणी म्हणालं तर तेही पूर्ण खरं नाही. मांजरात शिकार आणि भूक यांची दोरी सैल बांधलेली असते. १९७६ चा एक प्रयोग आहे: मांजरं आवडीचं खाणं खात असताना समोर उंदीर सोडला. त्यांनी खाणं सोडून उंदीर मारला, तो वाटीपाशी आणून ठेवला आणि पुन्हा वाटीत तोंड घातलं. भुकेने शिकार वाढते हे खरं, पण भरल्या पोटाने ती थांबत नाही.

मला विचारायचंय ते वेगळंच. ठमी आत्ता शिकार कशी करते? पूर्वीसारखी दबा धरून बसते, की नुसती धावते?

---

ओसरी

निवांत, तुमच्या प्रश्नाने मी चमकलेच. काल रात्रभर लक्ष ठेवलं. बसत नाही हो ती. पडद्याच्या सावलीवर झेपावते, माझ्या अंगठ्यावर झेपावते, मध्येच सोडून पाण्याकडे जाते, परत येते. पाच मिनिटं एका जागी नाही. ते दोन उंदीर बहुधा तिच्या वाटेत आले म्हणून मेले.

वजन ३.४ किलो. कार्डावर दोन वर्षांपूर्वीचं ४.१ आहे. म्हणजे १७ टक्के गेलं आणि आम्ही फोटो काढत बसलो.

---

रानजाई

स्वतःला दोष देऊ नका, लांब केसांत वजन दिसत नाही. प्राण्यांच्या दवाखान्यात आयुष्य गेलंय (मी डॉक्टर नाही, मदतनीस आहे), तेव्हा तपासणीला जाताना काय मागायचं ते सांगते.

रक्तात टी४ (थायरॉइडचं संप्रेरक) बघतील. त्यासोबत मूत्रपिंडाच्या तपासण्या आणि लघवी हवीच. याचं कारण समजून घ्या: थायरॉइड वाढलं की मूत्रपिंडातून रक्त जोराने वाहतं आणि त्यांचं दुखणं झाकलं जातं. औषधाने थायरॉइड खाली आलं की ते उघडं पडतं. लोकांना वाटतं गोळीने किडनी गेली. किडनी आधीच थकलेली असते, गोळीने फक्त पडदा सरकतो. म्हणूनच औषध सुरू केल्यावर दोन ते चार आठवड्यांत रक्त पुन्हा तपासायचं.

रक्तदाब मोजायचा आग्रह धरा, तो अनेकदा राहून जातो. वरचा आकडा १६० च्या पुढे वारंवार आला तर औषध लागतं, १८० ला डोळ्यांना धोका. दाबाने डोळ्यातला पडदा सुटून मांजर एका रात्रीत आंधळी झालेली मी पाहिली आहे. मात्र दवाखान्यात मांजर भेदरलेली असते, त्यामुळे शांत खोलीत, पाच-सात वेळा मोजून सरासरी घेतात.

घरून एक करा: ती गाढ झोपलेली असताना मिनिटभर श्वास मोजा. एकदा वर-खाली म्हणजे एक. तीसच्या आत असावेत. रात्रीच्या धावण्याचा व्हिडिओही न्या, कारण डॉक्टरांसमोर ती टेबलावर दगडासारखी बसणार.

आणि माणसांची कोणतीही वेदनाशामक गोळी देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते.

---

तिसरी घंटा

आता मला आमच्या बोक्याची काळजी वाटायला लागली! वजन केलं, दीड वर्षात ५.२ चं ५.१. खातोही पूर्वीइतकंच. पण उडी मारताना आधी खुर्ची, मग टेबल, मग खिडकी असं करतो.

---

निवांत

मग तो वरच्या यादीतला नाही, त्याला सांधे विचारा. बारा वर्षांवरच्या १०० मांजरांचे एक्सरे पाहिलेला एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला होता, ९० जणांत सांध्यांची झीज दिसली होती. मांजर लंगडत नाही, कण्हत नाही, ते फक्त पायऱ्या शोधतं. खुर्ची तिथून हलवू नका म्हणजे झालं. नखंही बघा. म्हातारपणी ती जाड होतात, आत ओढली जात नाहीत आणि कधी वळून तळव्यात रुततात.

---

उंबरठा

विषय तब्येतीचा चाललाय, पण या वयात उंदीर मारू द्यावेत का हेही बघा. आजूबाजूला कुणी उंदरांचं औषध टाकलं असेल तर विष खाल्लेला सुस्त उंदीर म्हाताऱ्या मांजरीला सगळ्यात आधी सापडतो, आणि त्या विषाने तिच्याही रक्ताची गुठळी होणं थांबतं. शिवाय उंदरातून जंत येतात. मी तर गळ्यात घंटा बांधा म्हणेन.

---

जुना कंदील

विषाचं आणि जंतांचं अगदी बरोबर. घंटेवर मात्र फार भरवसा नको. २०२१ मध्ये इंग्लंडमध्ये साडेतीनशेवर मांजरांवर हे करून पाहिलं होतं. घंटेने शिकारीत लक्षात येण्यासारखा फरक पडला नाही. मांसातलं प्रोटीन भरपूर असलेल्या खाण्याने घरी येणारी शिकार ३६ टक्के घटली आणि रोज पाच-दहा मिनिटं खेळवल्याने २५ टक्के. काठीला पीस बांधून खेळवा, तिचंही भागेल आणि उंदराचंही.

---

ओसरी

अपडेट. टी४ वरच्या मर्यादेच्या जवळपास दुप्पट. डॉक्टरांनी गळ्यावर बोटं फिरवली तर गाठ हातालाच लागली. हृदयाचे ठोके २४०. रक्तदाब १५५, पुन्हा बघणार. किडनी ‘सध्या ठीक दिसतेय’, तेही रानजाईंनी सांगितलं त्याच सुरात. मेथिमाझोल (थायरॉइड खाली आणणारी गोळी) सुरू करायचंय. किरणोत्सारी आयोडीनचं इंजेक्शन हा कायमचा इलाज आहे म्हणाले, पण आधी गोळीवर किडनी कशी वागते ते बघू.

आता खरं विचारते, हसू नका. गोळी दिली की तिची शिकार जाणार का? चार महिने ती मला दहा वर्षांपूर्वीची ठमी वाटत होती. ते सगळं आजार होतं हे पटतंय, पण रोज सकाळी स्वतःच्या हाताने ते तिच्याकडून काढून घ्यायचं जिवावर येतंय.

---

रानजाई

हसत कशाला? दर चौथा माणूस हे विचारतो, फक्त इतकं स्पष्ट नाही. अहो, ती दहा वर्षांपूर्वीची ठमी नव्हती. ती ठमी फटीसमोर तासभर बसायची, हे तुम्हीच वर लिहिलंय. गोळीने जाते ती तगमग.

गोळी फोडू नका, चुरू नका, हातमोजे घाला. घरात कुणी गरोदर असेल तर तिने हात लावू नये. गोळी गिळत नसेल तर कानाच्या आतल्या बाजूला चोळायचं मलम बनवून मिळतं का ते विचारा. उलट्या वाढल्या, खाणं सुटलं किंवा तोंड ओरबाडायला लागली तर पुढची गोळी देण्याआधी फोन करा.

---

ओसरी

पाच आठवड्यांनी लिहितेय. टी४ मर्यादेत आलंय, वजन ३.६. किडनीचा आकडा किंचित वर सरकलाय, खाणं बदललंय, पुढच्या महिन्यात पुन्हा रक्त. पहिले तीन दिवस गोळी तिने माझ्या अंगावर थुंकली, आता मलमावर आलोय. रात्री झोपते. मी नाही झोपत, तिचे श्वास मोजते (२२).

शिकार शून्य. कपाटावरही चढत नाही.

मात्र परवा संध्याकाळी फ्रिजच्या फटीसमोर बसलेली दिसली. पुढचे पंजे पोटाखाली, शेपटीचं टोक तेवढं हलतंय. चाळीस मिनिटं. मी दिवा न लावता तशीच दारात उभी राहिले. फ्रिजखाली काही आहे की नाही कोण जाणे, मी काही तो सरकवून बघणार नाही.