अनुभव धागा: मनातली अढी, सुटलेली आणि न सुटलेली

मिरज_जंक्शन (धागाकर्ती)

सलाम मंडळी. लेंट (ईस्टरआधीचा उपवासकाळ) सुरू आहे, त्यामुळे क्षमेवरचे उपदेशही सुरू आहेत. मला मात्र उपासना संपल्यावर पायऱ्यांवर चपला शोधताना बायका जे बोलतात, त्यात जास्त रस. म्हणून हा धागा. सांगली, मिरज, सातारा, वाई, कराड, कुठलेही असा. ख्रिस्ती असा, नसा. कुणी दुखावलं, मनात अढी बसली, आणि विश्वासाच्या आधाराने पुढे तिचं काय झालं ते लिहा. माणसांची आणि मंडळीची (चर्चची) नावं नकोत. साक्ष गोडच संपली पाहिजे अशी अट नाही.

एक आधीच सांगते. बायबलमधला, मत्तयाच्या 18व्या अध्यायातला दाखला आठवा. राजाने कर्ज माफ केलेला चाकर स्वतःच्या सोबत्याला मात्र कर्जापायी तुरुंगात टाकतो. राजाने ज्याला सोडलं, त्याचं कर्ज दहा हजार तालांत. एक तालांत म्हणजे साधारण 6,000 दिनार, आणि दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे 6 कोटी दिवसांची मजुरी, सात जन्मांत न फिटणारी. त्या मानाने त्या सोबत्याकडचे 100 दिनार 'किरकोळ', असं उपदेशात हमखास येतं. किरकोळ कसे? उसाच्या फडावर जाऊन विचारा, मुकादमाने शंभर दिवसांची मजुरी बुडवली तर ती किरकोळ का म्हणून. येशूने ती रक्कम लहान आहे असं कुठेही म्हटलेलं नाही. तेव्हा इथे कुणीही कुणाला "एवढंच ना?" म्हणायचं नाही.

कृष्णाकाठची

2019 च्या ऑगस्टमधला पूर. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट, आणि पाणी 57 च्या वर गेलेलं. आमच्या खालच्या मजल्यात छतापर्यंत पाणी. घर सासऱ्यांचं, त्यांच्यामागे कागदावर थोरल्या भाऊजींचं नाव. ते राहतात दुसरीकडे, उंचावर. चिखल आम्ही उपसला, गाद्या आम्ही फेकल्या, मदतीचे पैसे मात्र त्यांच्या खात्यात आले आणि तिथेच राहिले.

त्यानंतर प्रभूच्या प्रार्थनेत "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे" आलं की मी गप्प बसायचे. पुढच्या ओळीपासून परत सुरू. शेजारी सासूबाई. एकदा घरी येताना म्हणाल्या, "त्या ओळीला तुझा आवाज येत नाही गं."

"देवापुढं खोटं कशाला बोलू, आई?"

"मग खरं त्याच्यापुढं जाऊन बोल. तुझ्या भावाने अपराध केला तर एकांतात जाऊन त्याला सांग, असं लिहिलंय. देवाला ठाऊक आहे, महिला मंडळाला ठाऊक आहे. त्याला कोण सांगणार?"

स्वतःच्या मुलाबद्दल बोलत होत्या हो त्या. मी गेले. भाऊजी भडकले, जाऊबाई आत निघून गेल्या, चहासुद्धा झाला नाही. पण तोंडावर सांगून झालं. पुढे कधीतरी ती ओळ माझ्या तोंडून निघून गेली, मलाच नंतर लक्षात आलं. गेल्या वर्षी जाऊबाईंची तपासणी होती मिरजेला, बरोबर मीच गेले. पैसे अजून आलेले नाहीत. मागणं मी सोडलेलं नाही, फक्त आता रात्री जागून मागत नाही.

पेढे_आणि_पाऊस

मी साताऱ्याचा, घरात माळकरी परंपरा. वाचतोय आवडीने. एक शंका, राग मानू नका. क्षमा केली म्हणजे पोलिसांत जायचं नाही का? मग चोरांची चंगळच.

निवृत्त_सिस्टर

@पेढे_आणि_पाऊस, राग कसला, हा प्रश्न आमच्यातही दर वर्षी निघतो. ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स यांचं प्रकरण आठवत असेल. जानेवारी 1999, ओडिशातलं मनोहरपूर. ते आणि त्यांची दोन मुलं गाडीत झोपलेली असताना जमावाने गाडी पेटवली. मुलं 10 आणि 6 वर्षांची. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस बाईंनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीर सांगितलं. खटला मात्र चालला, मुख्य आरोपीची जन्मठेप 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. न्यायालयाने आपलं काम केलं, बाईंनी आपलं. त्या नंतरही काही वर्षं बारीपदाला कुष्ठरुग्णांची सेवा करत राहिल्या. 2005 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

कुष्ठरुग्णांवरून आठवलं. माझीही काही वर्षं त्यांच्यातच गेली. 1982 नंतर तीन औषधांचा एकत्र उपचार आला, माणसं खडखडीत बरी होऊ लागली. घरचे तरी नेत नसत. एक आजोबा होते, तासगावकडचे. धाकट्या भावाने जमीन स्वतःच्या नावावर करून यांना एसटीत बसवून दिलेलं. हे आजोबा हातमागावर चादरी विणायचे आणि दिवाळीला त्याच भावाच्या नातवंडांना मनीऑर्डर करायचे. फॉर्म मी भरायची, कारण त्यांच्या बोटांत पेन धरवत नसे. मला संताप यायचा. एकदा म्हटलं, "बाबा, तिकडून साधं पत्र तरी येतं का?" म्हणाले, "पोचपावती येते की."

ते लोक भेटायला कधीच आले नाहीत. मी त्या भावाला माफ केलंय का, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही. आजोबांनी केलं होतं.

कोयनेचा_पाहुणा

मी घरातला पहिला ख्रिस्ती. बाप्तिस्मा घेतला तेव्हा वडील म्हणाले, आमच्यासाठी तू मेलास. आई गेली तेव्हा भावाने मला कळवलं नाही. तिसऱ्या दिवशी गावातल्या दुकानदाराचा फोन आला, तोही उधारीसाठी, त्यातून समजलं. आईला खांदा द्यायचा राहिला. याहून जास्त मला लिहिता येत नाही.

आमच्या पाळकसाहेबांनी उपदेश केला नाही. त्यांनी टिळकांची गोष्ट सांगितली. कवी नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई किती दुखावल्या, माहेरच्यांबरोबर वेगळ्या राहिल्या. त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला तो 1900 मध्ये. पाळकसाहेब म्हणाले, "एवढी शहाणी बाई, नवऱ्यावर जीव असलेली, तिलाही वर्षं लागली. तुझ्या भावाला तू किती दिलीस?" टिळक शेवटच्या काळात आपल्या साताऱ्यातच होते, म्हणून ती गोष्ट जवळची वाटली असेल.

भावाचा मुलगा कॉलेजसाठी कराडला आला तेव्हा खोली मिळेना. आमच्याकडेच राहिला. भाऊ त्याला सोडायला आला, उंबऱ्याबाहेर उभा राहिला, पाणी प्यायला आणि गेला. माफी अजून मागितलेली नाही. मी वाट बघत थांबलेलो नाही, माझ्या बाजूने ते प्रकरण मिटवलंय. मात्र आईचा फोटो मागितलाय, तो हवाय.

नाव_नको

वरचं वाचून धीर आला म्हणून लिहिते. नवरा मारायचा. मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी बसवून समजावलं, "सत्तर वेळा सात क्षमा करायची असते, बाई. परत जा." दोनदा गेले. दुसऱ्या वेळी हात मोडला.

आता बहिणीकडे राहते, शिवणकाम करते, केस चालू आहे. नवऱ्याविषयीचं विष हळूहळू उतरलं, प्रार्थनेनेच उतरलं, खरं सांगते. त्याचं वाईट व्हावं असं आता वाटत नाही. पण त्या घरात मी जाणार नाही. आणि त्या वडीलधाऱ्यांबद्दलची अढी? ती आहे. नवऱ्यापेक्षा ती घट्ट बसलीय. ज्यांनी वचन दाखवून मला परत पाठवलं त्यांच्याशी हस्तांदोलन होत नाही माझ्याच्याने. त्यासाठी प्रार्थना करा.

मिरज_जंक्शन

@नाव_नको, करते. आणि हस्तांदोलनाची घाई करू नका. कुणी म्हटलंच, तर 100 दिनारांचा हिशेब वर आहे.

पेटी_तबला_आणि_मी

वातावरण फार गंभीर झालंय, आमच्याकडचं सांगतो. आमच्या मंडळीत दोन गट. कमिटीच्या निवडणुकीवरून सुरू झालं, मग जागेच्या भाड्यावर गेलं, मग धर्मादाय आयुक्तांकडे. पप्पा एका गटाचे म्होरके, समोर त्यांचे लहानपणापासूनचे मित्र, ज्यांना मी काका म्हणतो. पप्पा डावीकडच्या बाकांवर, काका उजवीकडे. ख्रिसमसच्या कॅरल पार्ट्यासुद्धा दोन. एकाच गल्लीत पाठोपाठ यायच्या, लोक दोनदा करंज्या द्यायचे. आम्हा पोरांची तक्रार नव्हती.

मग एका रविवारी प्रभुभोजन होतं. पाळकसाहेबांनी मत्तय 5 मधलं वाचलं, वेदीजवळ दान आणताना भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे हे आठवलं तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. वाचलं आणि थांबले. नुसते थांबले. पंखे फिरतायत, कुणी खोकतंय. शेवटी काका उठले आणि डावीकडे येऊन पप्पांच्या बाकावर बसले. बोलले काहीच नाहीत. पप्पा थोडे सरकले. आई रडायला लागली, ती कशानेही रडते.

पण समेट म्हणावा तर केस कुणीच मागे घेतली नाही. दोघांचंही म्हणणं एकच, जागेचा प्रश्न तत्त्वाचा आहे, निकाल लागू दे. फक्त आता तारखेला दोघं एकाच वडापने जातात, कारण काकांना गाडी चालवायला डॉक्टरांनी मनाई केलीय. मागच्या तारखेला दोघांनी एकाच डब्यातून जेवलेलं बघून पप्पांचे वकील जाम वैतागले. पुढची तारीख जूनमध्ये आहे, डबा काकूंकडून येणार आहे.