मदत हवी आहे: इंजेक्शननंतर करडू मागचा पाय मुडपून टाकतंय

नमस्कार मंडळी. उस्मानाबादी करडू आहे, अंगाने किरकोळ. ताप होता म्हणून उजव्या मांडीत मागच्या बाजूने इंजेक्शन दिलं गेलं आणि तेव्हापासून ते पाय ओढतंय. खुराचा तळ टेकतच नाही. खुरावरचा सांधा पुढे दुमडतो, पायाची पुढची बाजू जमिनीला घासून तिथली कातडी सोलवटलीय. मांडीला सूज नाही, दाबल्यावर चरचरत नाही, म्हणून फऱ्याची (मांडी सुजवणाऱ्या रोगाची) शंका सोडली.

पण खूर हाताने सरळ करून टेकवला की त्याच पायावर भार देऊन छान उभं राहतं! मग मांडीतले काही स्नायू चालतात नि काही नाही, असं कसं? पशुवैद्यक परवा येतील. तोवर काय करू? बाकीच्या करडांना पीपीआरची (शेळ्या-मेंढ्यांच्या साथीच्या रोगाची) लस द्यायचीय, ती कुठे द्यायची? जीव लागलाय हो त्याच्यात.

प्रतिसाद

दादा, भार घेतंय हे चांगलंच आहे. गुडघा ताठ धरणारा क्वाड्रिसेप्स स्नायू मांडीच्या पुढे असतो आणि तो फेमोरल नसेवर (म्हणजे मज्जातंतूवर) चालतो. ती शाबूत आहे. दुखावलीय ती सायटिक. ही नस खुब्याच्या सांध्यामागून, मांडीच्या हाडाचा उंचवटा आणि बसण्याचं हाड यांच्या मधून खाली उतरते. तिच्यावर बायसेप्स फेमोरिस, मागे सेमिटेंडिनोसस आणि सेमिमेम्ब्रेनोसस हे स्नायू. मोठ्या बैलात हा मांसाचा थर जाड असतो, किरकोळ करडात मात्र सुई सहज नसेपर्यंत पोचते. खूर पुढे उचलणारे स्नायू तिच्याच पेरोनियल फाट्यावर चालतात, म्हणून तो मुडपतो.

जखम धुऊन, खूर सरळ धरून कापसावर पट्टी बांधा, आवळू नका. खाली मऊ गवत घाला आणि दिवसातून काही वेळा सांधे हलके हलवा. बोटांच्या मध्ये चिमटा काढून पाहा. करडू मान वळवून बघत असेल, ओरडत असेल तर नस सावरायची आशा जास्त. हे पशुवैद्यकांना आवर्जून सांगा, सूज उतरवणारं औषध तेच ठरवतील.

पीपीआरची लस कातडीखाली देतात, मांडीचा प्रश्नच येत नाही. स्नायूतलं इंजेक्शन असेल तर मानेत घ्या: खांद्याच्या पुढे, मणक्यांच्या वर आणि मानेच्या वरच्या कडेच्या खाली जो त्रिकोण सापडतो, तिथे.