मदत हवी आहे: काळी पडलेली केळी + अक्रोड, एगलेस बार्स, मधे गिच्च होतायत

सांजवेळ
मंडळी, जरा घाईत विचारतेय, शुक्रवारच्या आत उत्तर मिळालं तर फार बरं होईल. श्रावण चालू आहे, आमच्या बिल्डिंगमधे लागोपाठ सत्यनारायण झाले, प्रत्येक घरातून प्रसादाबरोबर केळी आली, आमच्या पूजेची उरलेली आहेतच, आणि या दमट हवेत केळं आज पिवळं दिसलं की परवा काळं. शिकरण करून झालं. आता शिकरण म्हटलं की पोरं पानावरून उठतात. म्हणून अक्रोड घालून बार्स करायचे ठरवलंय.

केक नको, बार्सच हवेत, कारण शुक्रवारी आमच्या ट्रेनच्या ग्रुपमधली एक जण रिटायर होतेय, सकाळच्या चर्चगेट लोकलमधे लेडीज डब्यातच तिचा कार्यक्रम आहे. म्हणजे डबा पर्समधे उभाआडवा कसाही जाणार, अंधेरीच्या गर्दीत दाबला जाणार, आणि उभ्या उभ्या एका हाताने खाता आलं पाहिजे कारण दुसरा हात कडीला. क्रीम, आयसिंग बाद. चुरा पडला तर शेजारणीच्या साडीवर पडणार, ते पण नको.

एका परदेशी व्हिडिओवरून ट्रायल घेतली. त्यात ३ मध्यम पिकलेली केळी, दीड कप मैदा, अर्धा कप बटर, पाऊण कप साखर, १ अंडं, १ चमचा खायचा सोडा असं होतं. आमच्याकडे श्रावणात अंडं नाही, खाली कमेंटमधे कोणीतरी लिहिलेलं की अंड्याऐवजी अजून एक केळं घाला, तसं केलं. ८ इंची चौकोनी टिन, ओटीजी (घरचा छोटा विजेचा ओव्हन), १८० वर अर्धा तास. वरून रंग मस्त, कडेचे तुकडे तर फारच छान, पण मधे सगळं गिच्च आणि तळाला खरवसासारखा थर. रंगही काळपट आणि मागून सोड्याची साबणासारखी चव. घरात संपले, पण ट्रेनमधे नेण्यासारखे नाहीत.

तर मधला भाग कोरडा कसा होईल, अंड्याऐवजी नक्की काय, सोडा की बेकिंग पावडर, आणि अक्रोड मस्जिद बंदरहून चांगलेच आणलेत तरी बेक झाल्यावर किंचित कडू का लागतात? केळी दोन्ही आहेत, वेलची पण आणि लांब हिरव्या सालीची पण. मैद्याऐवजी कणीक चालेल का तेही सांगा, सासूबाईंना मैदा आवडत नाही.

दुपारचा_चहा
बार्स राहू द्या, मंगलोर बन्स करा! केळं कुस्करून त्यात साखर, जिरं, दही, मैदा, पीठ रात्रभर ठेवायचं आणि सकाळी पुऱ्या तळायच्या. माटुंग्याच्या उडुपी हॉटेलात खाल्ल्या असतीलच. ट्रेनमधे पण नेता येतात, चुरा शून्य.

सांजवेळ
बन्स माझे पण आवडते, पण सकाळी सहाला उठून तळण कोण करणार हो. आदल्या रात्री करून कापून ठेवता येईल असंच हवंय.

मीठमसाला
ताई, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर "३ मध्यम केळी" यातच आहे. आपल्याकडे फेरीवाला केळी डझनावर देतो त्यामुळे केळ्याचं वजन करायची कोणाला सवयच नाही. बाहेरच्या रेसिपीतलं मध्यम केळं म्हणजे साल काढून ११५-१२० ग्रॅम. आपलं लांब केळं, जळगावकडून येतं ते, कधी तेवढंच भरतं कधी त्याहून बरंच जास्त, आणि वेलची त्याच्या निम्मं पण नाही. म्हणजे तीच रेसिपी एकीने वेलची घालून केली तर ठोकळा होणार आणि दुसरीने लांब केळी घालून केली तर गिच्च, आणि दोघी म्हणणार मी तर तीनच घातली. केळी मोजू नका, गर वजनकाट्यावर ठेवा.

दुसरं ते अंड्याच्या जागी चौथं केळं. हा सल्ला सगळीकडे दिसतो आणि केकमधे थोडाफार चालून जातो, पण जिथे आधीच तीन केळी आहेत तिथे नाही. अंडं गरम झालं की आवळतं, पदार्थाला धरून ठेवतं. केळं तसं आवळत नाही, ते नुसता ओलावा आणि गोडवा वाढवतं. तुम्ही धरून ठेवणारी वस्तू काढली आणि ओल वाढवली, मग मधे ओलं राहणारच. त्यात तुमची केळी काळी पडलेली. हिरव्या केळ्याच्या गरात वजनाच्या साधारण पाचवा हिस्सा स्टार्च असतो, पूर्ण पिकल्यावर जेमतेम एखाद दोन टक्के उरतो, बाकीचा साखर होऊन जातो. म्हणून काळं केळं गोड जास्त आणि घट्टपणा कमी. बार्सना काळीच घ्या, चव त्यातच आहे, पण गर कमी आणि साखर पण कमी.

सांजवेळ
हे वाचून लगेच काट्यावर ठेवून बघितलं. लांबवालं साल काढून १४० आणि वेलची ४५!! म्हणजे चार लांब केळी म्हणजे साडेपाचशे ग्रॅमच्या वर गर गेला की. रेसिपीला हवा होता साडेतीनशे.

मीठमसाला
आणि तो साडेतीनशे पण लोफला (पावासारख्या उंच केकला) ठीक, कापून हातात धरायच्या बारला जास्तच. माझं प्रमाण देतो, तुमच्याच ८ इंची टिनला. गर २०० ग्रॅम, मैदा १६० ग्रॅम (हवं तर निम्मी कणीक, पूर्ण कणकेचे करू नका, भुसभुशीत होतात आणि चुरा पडतो), बटर ९० ग्रॅम वितळवून, गुळाची पावडर किंवा ब्राउन शुगर १०० ग्रॅम, घट्ट दही २ मोठे चमचे, बेकिंग पावडर अर्धा छोटा चमचा, सोडा पाव छोटा चमचा, मीठ चिमूटभर, दालचिनी आवडत असेल तर, अक्रोड ८० ग्रॅम. चमचा म्हणजे मेझरिंग स्पून, सपाट. आपला पोह्यांचा चमचा नव्हे.

गर काट्याने कुस्करा, मिक्सरमधे अजिबात नको, मिक्सरला लावला की पातळ चिकट होतो. त्यात बटर, गूळ, दही. वरून कोरडं सगळं चाळून घाला आणि पांढरं पीठ दिसेनासं झालं की हात थांबवा. इथे बरेच जण केक म्हणून फेटत बसतात, मैद्याला चिवटपणा येतो आणि बार रबरी होतो. बॅटर घट्ट असणार, चमच्याने ढकलून पसरावं लागेल, घाबरून दूध घालू नका. १७५ वर २५ ते ३० मिनिटं.

अक्रोडी
सोड्याबद्दल मी सांगते. सोड्याला काम करायला आंबट काहीतरी लागतं. केळ्यात थोडा आंबटपणा असतो, दह्यात असतो, गुळातही किंचित, पण १ पूर्ण चमचा सोडा खपेल एवढा नसतो, उरलेला सोडा साबण होऊन जिभेवर येतो आणि रंग पण काळवंडतो. पाव चमचा बरोबर आहे. बेकिंग पावडरमधे आंबट भाग आधीच घातलेला असतो म्हणून तिची अशी चव लागत नाही.

अक्रोडाचा कडूपणा दोन प्रकारचा. एक सालीचा, तो भाजल्याने बराच जातो. बॅटरमधे घालण्याआधी १५० वर ८-१० मिनिटं ठेवा किंवा कढईत मंद आचेवर परता, मग सुती फडक्यात घेऊन हलके चोळा, जेवढी साल निघेल तेवढी निघेल. दुसरा खवटपणा. अक्रोडात तेल भरपूर आणि ते हवेने लवकर बिघडतं, मुंबईत बाहेर बरणीत ठेवले तर पावसाळ्यात महिन्याभरात वास मारायला लागतात. एक कच्चा चावून बघा, जुन्या तेलासारखं लागलं तर भाजून काही उपयोग नाही, टाकून द्या. यापुढे आणले की डबाबंद करून सरळ फ्रीजमधे.

सगळे अक्रोड आत घालू नका. निम्मे आत आणि निम्मे वरून दाबून, वरचे कुरकुरीत राहतात. बजेट असेल तर थोडे काजू पण, पण काजू आत मऊ पडतात, वरूनच लावा.

गॅसवरचा_केक
ओटीजी नसलेल्यांसाठी: कुकरमधे पण होतात. तळाला मीठ पसरून वर स्टँड, झाकणाची शिटी आणि रबरी रिंग काढायची, १० मिनिटं तापवून मग टिन आत, मंद आच, वेळ थोडा जास्तच. वरून रंग येत नाही एवढंच. पाणी घालायचं नाही हे सांगावं लागतं, आमच्याकडे एकांनी घातलं होतं.

सांजवेळ
कुकरवाले धन्यवाद, पण ओटीजी आहे. त्याचाच अजून एक प्रश्न, वरून रंग लवकर येतो आणि आत कच्चं, कितव्या रॅकवर ठेवायचं? आणि सगळ्या जणी म्हणतात बटर पेपर लावा, माझा पेपर तुपकट होऊन खाली चिकटला.

बोरिवली_स्लो
टिन मधल्या रॅकवर, वरच्या खालच्या दोन्ही रॉड चालू, आणि १० मिनिटं प्रीहीट पक्कं. केळं आणि गूळ दोन्ही असल्यामुळे वरचा भाग पटकन लाल होतो, तेव्हा १५-१८ मिनिटांनी वर फॉइल नुसतं टाकून द्या. घरच्या ओटीजीचा आकडा आणि आतलं तापमान बऱ्याचदा जुळत नाही, छोटा ओव्हन थर्मामीटर मिळतो, क्रॉफर्ड मार्केटच्या आसपासच्या बेकिंगच्या दुकानात बघा. माझा १८० दाखवायचा तेव्हा आत २०० असायचं.

बटर पेपरचं असं आहे की किराणा दुकानात मिळणारा पातळ कागद सँडविच गुंडाळायचा असतो, बेकिंगसाठी वेगळा येतो, पाकिटावर ओव्हनला चालेल असं लिहिलेलं असतं. तो दोन बाजूंनी टिनच्या बाहेर लोंबता ठेवा म्हणजे पूर्ण लादी धरून उचलता येते. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हवाल्यांनो, धातूचा टिन फक्त कन्व्हेक्शन मोडला हं, मायक्रोवेव्ह मोडला नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं कोणी लिहिलंच नाही. गरम असताना कापू नका! सुरी घालून बघताना ओले कण चिकटले तर चालतील, ओलं बॅटर नको, मग टिनमधेच गार करा, मग अख्खी लादी फ्रीजमधे तासभर तरी, बटर आवळलं की सुरीने स्वच्छ चौकोन पडतात. गिच्च वाटणारे बार्स कधी कधी गिच्च नसतातच, नुसते गरम असतात. अर्थात साडेपाचशे ग्रॅम केळ्याला फ्रीज पण काही करू शकत नाही.

दुपारचा_चहा
एवढं सगळं करण्यापेक्षा बेकरीतून मावा केक आणले असते तर काम झालं असतं.

अक्रोडी
मग केळ्यांचं काय करायचं, तुमच्याकडे पाठवू?

दुपारचा_चहा
पाठवा, बन्स करतो.

ओट्सवाली
मैदा नको असेल तर माझे करून बघा, सासूबाईंना आवडतील. २०० ग्रॅम गर, १५० ग्रॅम ओट्स, बिया काढून बारीक चिरलेला मऊ खजूर ६०-७० ग्रॅम, अक्रोड बदाम मिळून ८० ग्रॅम, मीठ, वेलची पूड, २ चमचे तूप. सगळं कालवून १० मिनिटं ठेवायचं म्हणजे ओट्स ओल पितात, मग टिनमधे वाटीच्या बुडाने घट्ट दाबायचं, १८० वर २५ मिनिटं. साखर, सोडा काही नाही. फक्त हे चिवट-मऊ होतात, केकसारखे नाही, आणि घट्ट दाबले नाहीत तर चुरा होतो. ओट्स साधे जाड घ्या, मसाला ओट्सचं पाकीट नको, हसू नका, झालंय असं.

सांजवेळ
हेही करणार, पण शुक्रवारी मीठमसाला यांचेच, ट्रेनमधे सगळ्यांना "केक"च हवा असतो. आज रात्री २०० ग्रॅमवाली ट्रायल. दोन गोष्टी राहिल्या, गुरुवारी रात्री करून शुक्रवारी सकाळपर्यंत बाहेर राहतील ना? आणि उरलेल्या केळ्यांचं काय, अजून बरीच आहेत.

मीठमसाला
रात्रभर बाहेर राहतील, पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा, नाहीतर झाकणाला वाफ धरून वरचे अक्रोड मऊ पडतात. थरांच्या मधे पेपर. या हवेत दुसऱ्या दिवसानंतर मात्र फ्रीज, तिथे चार दिवस ठीक.

उरलेली केळी साल काढून फ्रीजरमधे टाका, सालीसकट टाकलीत तर नंतर सोलताना रडाल. पिशवीवर ग्रॅम लिहून ठेवा, २००-२०० च्या पिशव्या केल्या तर काट्याचं काम एकदाच. बाहेर काढल्यावर तपकिरी पाणी सुटतं, ते फेकू नका, गोडवा त्यातच आहे, मंद आचेवर निम्मं आटवा आणि गार करून गरात मिसळा. आणि जी केळी अजून पिवळी आहेत ती फ्रीजमधे गेली तरी चालतील, साल काळी पडते पण आतला गर चांगला राहतो.

सांजवेळ
झाले! आत्ताच कापले. मधला तुकडा पण सुका आणि उचलला तर वाकत नाही. फॉइल १५ मिनिटांनी टाकलं, एकूण २८ मिनिटं लागली. गूळ घेतला होता, रंग छान खमंग तपकिरी आला, साबण नाही. निम्मी कणीक घातली, कोणाला कळलं नाही. वेलची केळी घेतली या वेळी, २०० ग्रॅमला पाच लागली, चवीला लांब केळ्यांपेक्षा सरस वाटली. फोटो टाकते, पण कडेचे तुकडे फोटोत नाहीत, ते गेले.

अक्रोडी
मस्त! त्या रिटायर होणाऱ्या मैत्रिणीला आमच्या पण शुभेच्छा सांगा.

नवी_सभासद
छान धागा. हे बार्स सोमवारी उपासाला चालतील का?

मीठमसाला
मैदा आहे हो त्यात. ओट्सवाले पण नाहीत चालणार. राजगिऱ्याच्या पिठाचे कोणी केले असतील तर सांगा, मलाही हवेत.