डेट आणि टाइम एकाच डायमेन्शनमध्ये टाकू की वेगवेगळं?

क्वेरी_पंटर:
मंडळी, फ्रिज-टीव्ही विकणाऱ्या दुकानांच्या साखळीसाठी डेटा वेअरहाऊस (रिपोर्टसाठी सगळी विक्री एकत्र ठेवणारा डेटाबेस) बांधतोय. बिलांवर सेकंदापर्यंतचा टाइमस्टॅम्प असतो. आमचा मॅनेजर म्हणतोय तारीख-वेळेचं एकच डायमेन्शन टेबल (रिपोर्ट ज्याच्यावरून गट पाडतो ते) कर, सेकंदाला एक रो म्हणजे ओळ, विषय संपला. मला पटत नाहीये पण त्याला समजावू कसं? वर मालकांना रिपोर्ट हवा एप्रिल ते मार्च आणि "यंदा गुढीपाडव्याला किती माल गेला, मागच्या वेळी किती" हे पण हवं.

जॉइनसम्राट:
त्याला नुसतं गणित दाखव. दिवसाचे 86,400 सेकंद, म्हणजे वर्षाला 3 कोटी 15 लाखांच्या वर रो, आणि तेही एक फ्रिज विकायच्या आधी! वेगळं केलंस तर दहा वर्षांच्या तारखा साडेतीन हजारांच्या आसपास आणि वेळेचं टेबल मिनिटाला एक धरून 1,440 रो, बास. सेकंदवाला मूळ टाइमस्टॅम्प फॅक्टमध्येच (विक्रीच्या नोंदींच्या टेबलात) राहू दे. तारखेची की (टेबलं जोडायचा ओळख-नंबर) 20250330 अशी आकडीच ठेव, डोळ्यांनी वाचता येते. बिलाची तारीख आणि डिलिव्हरीची तारीख यासाठी दोन टेबलं करू नकोस, एकाच टेबलावर दोन व्ह्यू (तेच टेबल दोन नावांनी) टाक, आणि डिलिव्हरी झालीच नसेल तर नल (रिकामी किंमत) नको, -1 ची एक 'तारीख नाही' रो ठेव, नाहीतर इनर जॉइनमध्ये (दोन्ही टेबलांत जुळणाऱ्याच ओळी घेणारी जोडणी) बिलं गुपचूप गळतात.

रात्रपाळी:
वेबसाइटवरून पण ऑर्डरी येतात का? तिकडचा टाइमस्टॅम्प बहुतेक यूटीसीत (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेत) असेल. तारखेची की बनवायच्या आधी आयएसटी (भारतीय वेळ) कर, नाहीतर रात्री 12 ते पहाटे साडेपाचच्या सगळ्या ऑर्डरी आदल्या दिवशी जाऊन बसतात. सेल रात्री बाराला सुरू होत असेल तर मग बघायलाच नको.

पंचांगवाला_डीबीए:
पाडव्याचं जपून हां. 2023 ला पाडवा 22 मार्चला होता, त्या वर्षी अधिक श्रावण आला म्हणून पुढचा सरकून 9 एप्रिल 2024 ला गेला आणि त्याच्या पुढचा 30 मार्च 2025 ला. आता एप्रिल-मार्च लावून बघ, 2023-24 मध्ये पाडवाच नाही आणि 2024-25 मध्ये दोन! वर्षाची तुलना केलीस तर ग्रोथ बघून मालक पेढे वाटतील. डेट टेबलात नुसता 'सण आहे का' असा हो-नाहीचा फ्लॅग टाकून हे सुटत नाही. सणांचं वेगळं टेबल कर, सण, साल, तारीख, आणि प्रत्येक दिवस सणाच्या किती दिवस आधी-नंतर ते पण, म्हणजे पाडव्याआधीचे सात दिवस दोन्ही वर्षांचे समोरासमोर ठेवता येतात. भरायचं हातानेच, कॅलेंडर बघून, एसक्यूएलला तिथी कळत नाही.

क्वेरी_पंटर:
दोन पाडवे!! हे डोक्यातच आलं नव्हतं. दिवाळीला पण हेच का?

पंचांगवाला_डीबीए:
दिवाळी आर्थिक वर्षात एकदाच येते, पण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हलते म्हणून महिन्याची तुलना बोंबलते. लक्ष्मीपूजन शून्य धरून दिवस मोज. दुकानं महाराष्ट्राबाहेर पण असतील तर टेबलात राज्याचा कॉलम घाल, 2024 ला आपल्याकडे लक्ष्मीपूजन 1 नोव्हेंबरला होतं आणि बऱ्याच ठिकाणी 31 ऑक्टोबरलाच उरकलं.