प्रोबायोटिक कॅप्सूल: अँटिबायोटिकसोबतच घ्यायची, की गॅससाठी रोज?

डहाणूकर_कॉलनी

दाढेत पू झाल्यामुळे अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडचा ५ दिवसांचा कोर्स आजपासून सुरू केलाय. चिठ्ठीवर नसताना मेडिकलवाल्याने ‘पोट बिघडायला नको’ म्हणून १० कॅप्सूलची स्ट्रिप हातात ठेवली. तिच्यावर लॅक्टोबॅसिलस स्पोरोजेनस, लॅक्टोबॅसिलस ॲसिडोफिलस, आणखी दोन नावं आणि शेवटी एफओएस १०० मिग्रॅ असं छापलंय.

वय ४४, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू आहे. जेवण झालं की पोट फुगणं आणि गॅस, हे जुनंच दुखणं. म्हणून विचारतो, अँटिबायोटिकसोबत या कॅप्सूलचा खरंच उपयोग होतो का? होत असेल तर गॅससाठी पुढेही चालू ठेवाव्यात का? की रोजचं दही-ताक पुरे? शिवाय ५ वर्षांच्या मुलीला जुलाब झाले की असलंच काहीतरी देतात, ते योग्य आहे का? ‘मला फरक पडला बुवा’ यापलीकडचं उत्तर मिळालं तर बरं.

फार्मसी_काउंटर

उपयोग होतो, पण तुमच्या हातातल्या स्ट्रिपने होईलच असं नाही.

अँटिबायोटिकमुळे होणारे जुलाब टाळणं, या एका कामासाठी प्रोबायोटिकची, म्हणजे पोटाला उपयोगी म्हणून दिल्या जाणाऱ्या जिवंत जंतूंची, बरीच तपासणी झाली आहे. मुलांवरच्या ३३ चाचण्या एकत्र करून कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने २०१९ मध्ये जो आढावा काढला त्यात नुसतं अँटिबायोटिक घेणाऱ्या १०० पैकी १९ मुलांना जुलाब झाले, सोबत प्रोबायोटिक घेणाऱ्यांत ८ जणांना. फायदा उठून दिसला तो दिवसाला ५०० कोटी किंवा त्याहून जास्त जिवंत जंतू देणाऱ्या डोसांत. आता तुमची स्ट्रिप उलटी करा आणि चारही नावांपुढचे आकडे जोडून बघा. नुसते मिलिग्रॅम छापले असतील तर त्यावरून काहीच कळत नाही. अन्न सुरक्षा प्राधिकरणाची किमान अट दिवसाला १० कोटी जंतूंची आहे. म्हणजे नियमात बसणारं उत्पादन आणि चाचण्यांत चाललेला डोस यांत पन्नासपट अंतर असू शकतं. ‘औषधी वापरासाठी नाही’ अशी बारीक इंग्रजी ओळ दिसली, तर ते कायद्याने औषध नसून पूरक आहार आहे हेही लक्षात येईल.

या कामासाठी पुरावा आहे तो मुख्यतः दोन नावांना: लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी आणि सॅकरोमायसिस बूलार्डी. बूलार्डी ही यीस्ट आहे, त्यामुळे अँटिबायोटिक तिला मारत नाही आणि वेळेचं गणित सांभाळावं लागत नाही. मोठ्यांना साधारण २५० मिग्रॅ दिवसातून दोनदा. मात्र बुरशीवरची गोळी, म्हणजे फ्लुकोनाझोल वगैरे, चालू असेल तर बूलार्डी वाया जाते. जीजी किंवा दुसरा कुठलाही लॅक्टोबॅसिलस असेल तर अँटिबायोटिकपासून दोन तासांचं अंतर ठेवा. ८ वाजता गोळी, तर १० वाजता कॅप्सूल. सुरुवात कोर्सच्या पहिल्या दोन दिवसांतच व्हायला हवी. जुलाब लागल्यावर धावपळ करून घेण्यात फारसं हशील नाही. कोर्स संपल्यावर जास्तीत जास्त आठवडाभर घ्या आणि बंद करा.

लोकांच्या चुका ठरलेल्या असतात. कॅप्सूल गरम चहासोबत घेतात. ‘फ्रिजमध्ये ठेवा’ असं लिहिलेली डबी एप्रिलमध्ये गाडीच्या डिकीत विसरतात. नाहीतर ऑनलाइन मागवतात आणि ती कुरिअरवाल्याच्या टेम्पोत दिवसभर तापते. आणि हो, तुमची अँटिबायोटिकची गोळी जेवणाच्या सुरुवातीला घ्या. यातल्या क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडने पोट हमखास ढवळतं, ते त्याने बरंच आटोक्यात राहतं.

केमोथेरपी चालू असलेले, अवयव बदललेले, आयसीयूतले किंवा मोठ्या शिरेत नळी असलेले रुग्ण यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे घेऊच नये. बूलार्डी तर नाहीच. यीस्ट रक्तात उतरल्याचे प्रकार अशाच रुग्णांत नोंदले गेले आहेत.

पेट्री_डिश

वर सगळं बरोबर आहे, पण मूळ घोळ नावांचा आहे. ‘प्रोबायोटिक’ हे एका औषधाचं नाव नव्हे. जात एकच असली तरी वाण (स्ट्रेन) बदलला की गुण बदलतो. ‘लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस’ एवढंच छापलं असेल आणि पुढे जीजी किंवा तसं काही नसेल, तर जीजीवरच्या अभ्यासाचा दाखला त्या डबीला लागू होत नाही.

तुमच्या स्ट्रिपवरचं ‘लॅक्टोबॅसिलस स्पोरोजेनस’ हे मुळात चुकीचं नाव. तो लॅक्टोबॅसिलस नाहीच, बॅसिलस कोॲग्युलन्स आहे. बीजाणू धरतो, म्हणजे कडक कवचात सुप्त राहतो, म्हणून गोदामातली उष्णता आणि जठरातलं आम्ल दोन्ही सोसतो. कंपन्यांना तो आवडतो त्याचं मोठं कारण हे टिकाऊपण.

छोट्या प्लास्टिकच्या कुप्यांत मिळणारा बॅसिलस क्लॉसिआयही बीजाणूवालाच. ५ मिलिच्या कुपीत २०० कोटी बीजाणू असतात. ते तळाशी बसतात म्हणून कुपी आधी नीट हलवायची, मग पिळून तोंड उघडायचं आणि लगेच प्यायची. हे इंजेक्शन नव्हे, दिसायला तसं असलं तरी. गंमत म्हणजे पुण्याच्या राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्रातल्या संशोधकांनी लोणार सरोवरातल्या जंतूंवर काम करताना २०२१ मध्ये या कुळाची फेरमांडणी केली, आणि क्लॉसिआयच्या गटाला सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ योगेश शौचे यांच्या नावावरून ‘शौचेला’ हे नाव दिलं. (कोट्या करू नयेत, होऊन गेल्या आहेत.) त्यामुळे एकच जंतू जुन्या आणि नव्या अशा दोन्ही नावांनी दिसला तर ती दोन वेगळी उत्पादनं समजू नका.

कोर्स संपल्यावर ‘पोटातले चांगले जंतू परत भरायला’ महिनोन्महिने घेण्याबद्दल: २०१८ मध्ये इस्राएलच्या वाइझमन संस्थेचा एक अभ्यास आला. छोटाच होता, पण त्यात अँटिबायोटिकनंतर ११ वाणांचं मिश्रण घेणाऱ्यांच्या आतड्यातले मूळचे जंतू परत यायला काहीच न घेणाऱ्यांपेक्षा जास्त वेळ लागला. बाहेरचे जंतू कायम वस्तीला राहत नाहीत. घेणं थांबवलं की काही दिवसांत, फार तर आठवड्यांत निघून जातात.

याचा अर्थ सगळंच थोतांड असा नाही. ओडिशात साडेचार हजारांवर नवजात बाळांना एक ठरावीक लॅक्टोबॅसिलस प्लँटारम एफओएससोबत (जंतूंचं खाद्य असलेली एक साखर) ७ दिवस दिला होता. २०१७ च्या त्या निष्कर्षांत जंतुसंसर्ग किंवा मृत्यूचं प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आलं. तिथे वाण ठरलेला होता, वय ठरलेलं होतं, दिवसही ठरलेले होते.

ताकपुराण

एवढं कशाला? घरी दही लावा, दुपारी ताक प्या. आपल्या आज्यांना कुठे कॅप्सूल मिळत होत्या?

आहार_सल्ला

@ताकपुराण, दही-ताक चांगलंच आहे, फक्त त्याच्याकडून भलत्या अपेक्षा नकोत. विरजणात जंतू भरपूर असतात, पण कोणते आणि किती ते प्रत्येक घरी वेगळं. अँटिबायोटिकच्या जुलाबांवर ते औषधासारखं धरता येत नाही. दही खात्रीने मदत करतं ते दूध न पचणाऱ्यांना. विरजताना दुधातली साखर थोडीच कमी होते, उरलेली पचवायला दह्यातले जिवंत जंतू आतड्यात आपलं एन्झाइम पुरवतात. म्हणून दुधाने पोट फुगणाऱ्याला वाटीभर दही चालून जातं. त्याच दह्याची कढी उकळली की हे जंतू मेले. कढी चवीला प्या, प्रोबायोटिक म्हणून नको. चक्क्यात पाण्यासोबत दुधातली साखर बरीच निघून जाते, पण त्याचं श्रीखंड केलंत तर मधुमेहात काय होणार ते सांगायला नको. छोट्या बाटलीतल्या आंबवलेल्या दुधाचंही तेच. ६५ मिलिच्या याकुल्टमध्ये ६५० कोटी शिरोटा वाणाचे जंतू असतात हे खरं, पण साध्या प्रकारात साखरही असते. लेबल वाचा.

आता @डहाणूकर_कॉलनी, तुमचा गॅस. इथे मी कॅप्सूलच्या आधी तीन गोष्टी बघायला सांगेन.

पहिली मेटफॉर्मिन. पोट फुगणं, गॅस, सैल शौच हे तिचे नेहमीचे दुष्परिणाम आहेत. साधी गोळी असेल तर सावकाश विरघळणाऱ्या प्रकाराबद्दल आणि ती जेवणासोबत घेण्याबद्दल डॉक्टरांना विचारा. स्वतःहून बंद करू नका.

दुसरी, ताटातल्या न पचणाऱ्या साखरा. कांदा, लसूण, गहू, राजमा, छोले, मटकी या सगळ्यांतल्या काही साखरा लहान आतड्यात पचत नाहीत, मोठ्या आतड्यातले जंतू त्यांवर ताव मारतात आणि गॅस होतो. रविवारी मिसळ, सोबत कांदा आणि दोन पाव झाल्यावर पोट फुगलं तर जंतू ‘कमी पडले’ असं नाही, त्यांना मेजवानी मिळाली. बंदी कायमची नको. दोन ते सहा आठवडे हे पदार्थ कमी करायचे, मग एकेक करून तीन-तीन दिवस परत आणायचा आणि कशाने त्रास होतो ते लिहून ठेवायचं. कडधान्य रात्रभर भिजवून ते पाणी फेकायचं, मोड आणायचे, नीट शिजवायचं, याने त्या साखरा बऱ्याच घटतात. उसळीऐवजी सोललेल्या मुगाचं वरण सोसतं. शुगर-फ्री गोळ्या आणि च्युइंगमवर सॉर्बिटॉल लिहिलंय का तेही पाहा. मधुमेहाच्या घरात हा चोर हमखास सापडतो.

तिसरी, तुमच्या स्ट्रिपवरचं एफओएस. ते जंतूंचं खाद्य. ज्याचं पोट आधीच फुगतं त्याला त्यानेच गॅस वाढू शकतो. १०० मिग्रॅने बहुतेकांना काही होत नाही, पण पावडरच्या पाकिटांत ते ग्रॅममध्ये असतं. घ्यायचंच झालं तर त्याच्याविना असलेलं घ्या.

संवेदनशील आतड्याच्या त्रासासाठी, ज्याला डॉक्टर आयबीएस म्हणतात, अमेरिकन कॉलेज ऑफ गॅस्ट्रोएन्टरॉलॉजीने २०२१ मध्ये प्रोबायोटिकची शिफारस केलेली नाही. विरघळणाऱ्या तंतूंची केली आहे, म्हणजे आपला इसबगोल. अर्ध्या चमच्याने सुरुवात, आठवड्याने एक चमचा, दरवेळी मोठा ग्लासभर पाण्यात ढवळून लगेच प्यायचा. ठेवलात तर खळ होते. कमी पाण्यात घेतला तर उलट अडतं. बाकी गोळ्या आणि इसबगोल यांत दोन तास सोडा.

एवढं करूनही प्रोबायोटिक आजमावायचंच असेल तर एकच उत्पादन घ्या, डोस डबीवरचा, मुदत ४ आठवडे. त्या काळात आहार, चहा, औषधं यांत दुसरा बदल नको, नाहीतर श्रेय कोणाला द्यायचं ते कळणार नाही. रोज रात्री पोट फुगण्याला ० ते १० पैकी एक आकडा द्या. महिन्याने आकडा हलला नसेल तर बंद, ब्रँड बदलून पुन्हा सुरू नको.

वजन घटतंय, शौचात रक्त, रात्री पोटदुखीने जाग येते किंवा हिमोग्लोबिन कमी आलंय, यातलं काही असेल तर हे सगळं बाजूला ठेवून आधी पोटाच्या डॉक्टरांकडे जा.

डहाणूकर_कॉलनी

मेटफॉर्मिन साधीच आहे, विचारतो. स्ट्रिपवर फक्त मिलिग्रॅम आहेत, कोटी-बिटी काही नाही. मुलीचं राहिलं.

बालरोग_ओपीडी

पाच वर्षांच्या मुलीला जुलाब झाले तर क्रम असा. आधी ओआरएस. एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात घाला. अर्धं पाकीट अंदाजाने अर्ध्या ग्लासात टाकणं धोक्याचं, मीठ जास्त होतं. टेट्रापॅकमधली गोड पेयं ही ओआरएस नव्हेत. दर पातळ शौचानंतर १०० ते २०० मिलि, उलटी होत असेल तर १० मिनिटं थांबून चमच्या-चमच्याने. सोबत झिंक २० मिग्रॅ रोज, १४ दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले की पालक झिंकही थांबवतात, तिथेच चुकतं. खाणं चालू ठेवा, मऊ भात, वरण, दही, केळं.

प्रोबायोटिक इथे ऐच्छिक. बॅसिलस क्लॉसिआयने जुलाबाचा काळ काही तासांनी कमी होतो असं दिसतं. दुसरीकडे २०१८ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या दोन मोठ्या चाचण्यांत लॅक्टोबॅसिलसच्या दोन वेगवेगळ्या उत्पादनांनी तीव्र जुलाबांत काहीही फरक पडला नाही. दिलंत तर बिघडत नाही, पण ते देऊन ओआरएस राहिलं तर बिघडतं.

आणि पाणी. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडीकडे गियाँ-बारेचे (मज्जातंतूंवर हल्ला होऊन हातपाय लुळे पडण्याचा आजार) रुग्ण एकदम वाढले तेव्हा काहींच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जुलाब करणारा जंतू सापडला होता. असल्या जंतूपुढे रोजची प्रोबायोटिक कुपी कवच म्हणून धरू नका. टँकरचं किंवा विहिरीचं पाणी असेल तर खळखळून उकळा, चिकन पूर्ण शिजवा. मूल सुस्त आहे, सहा तासांत लघवी नाही, डोळे खोल गेलेत किंवा शौचात रक्त आहे, तर कुठलीही कॅप्सूल न शोधता दवाखाना गाठा.

फार्मसी_काउंटर

@डहाणूकर_कॉलनी, नुसते मिलिग्रॅम असतील तर ती स्ट्रिप ठेवून घेऊ नका. बिलासकट आजच परत न्या आणि बूलार्डी आहे का विचारा. आज पहिलाच दिवस आहे, उशीर झालेला नाही. अख्खी स्ट्रिप बहुतेक मेडिकलवाले बदलून देतात, कापलेली घेत नाहीत.