गॅदरिंगमध्ये मुलांनी रसायनांचे प्रयोग करायचे आहेत, काय घ्यावं आणि काय टाळावं?

खाडीपलीकडची
नमस्कार. मी वेंगुर्ला तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये आठवी-नववीला विज्ञान शिकवते. नाताळच्या सुट्टीआधी आमचं गॅदरिंग असतं. यंदा नाच आणि नाटुकल्यांच्या मध्ये नववीच्या मुलांना वीस मिनिटं मिळाली आहेत. त्यांनी व्हिडिओ बघून यादी आणली: अमोनियम डायक्रोमेटचा ज्वालामुखी, परमँगनेटवर ग्लिसरीन टाकून आग, मिथेनॉलच्या रंगीत ज्वाळा आणि हत्तीची टूथपेस्ट (बाटलीतून उसळणारा फेस). स्टेज मैदानात, वर कापडी मांडव. पहिल्या रांगेत बालवाडीची पोरं सतरंजीवर बसतात. मुलं फार उत्साहात आहेत, नुसतं "नाही" म्हणून गप्प बसवायचं माझ्या जिवावर येतं. कोणी असा कार्यक्रम बसवला असेल तर सांगा.

दर्यावर्दी
हत्तीची टूथपेस्ट ठेवाच, पोरं वेडी होतात. मेडिकलमध्ये मिळतं ते ६ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड घ्या, ३० टक्क्यांचं नको. त्याने कातडी पांढरी पडून भाजते. यीस्ट बेकरीवाला देईल, ते कोमट पाण्यात भिजवून घ्या. अरुंद तोंडाची बाटली आणि थोडा भांड्यांचा लिक्विड साबण. फेस गरम असतो, पोरांना लगेच हात घालू देऊ नका.

निवृत्त विज्ञानबाई
ताई, मी बरीच वर्षं मुलांकडून असे प्रयोग बसवून घेतले आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

यादीतले पहिले तिन्ही काढा, आणि का काढले ते मुलांना नीट सांगा. कारण कळलं की नववीची मुलं रुसत नाहीत. डायक्रोमेटमधलं क्रोमियम कॅन्सरकारक आहे. ज्वालामुखीतून हिरवी राख उडते तिच्याबरोबर न जळलेले नारिंगी कणही उडतात, आणि मैदानात वारा ते कुठे नेईल ते आपल्या हातात नाही. मिथेनॉलची वाफ दिसत नाही. ज्योत विझली असं वाटून बाटलीतून पुन्हा ओतायला जावं, तर आग थेट बाटलीत शिरते आणि समोरच्यांवर झेपावते. अशा अपघातांत मुलं भाजली म्हणून अमेरिकन केमिकल सोसायटीने २०१४ मध्ये वर्गात हा प्रयोग थांबवायला सांगितलं. परमँगनेट-ग्लिसरीनची अडचण वेगळी. ते कधी पेटेल याचा नेम नसतो, पूड किती बारीक आणि हवा किती गरम यावर सगळं. पेटत नाही म्हणून मूल वाकून बघतं, आणि नेमकं तेव्हाच भडकतं.

माझं ठाम मत आहे की गॅदरिंगला आग नको, रंग हवा. आणि तो रंग अशा वस्तूंतून यावा की समोर बसलेली आजी म्हणेल, हे तर माझ्या घरात आहे. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८२५ पासून नाताळच्या दिवसांत मुलांसाठी प्रयोगांसह व्याख्यानं होतात. मायकेल फॅरडेने तिथे एका साध्या मेणबत्तीवर सहा व्याख्यानं दिली होती. साध्या वस्तूत इतकं असतं!

सुरुवात हळदीने करा. जुनी पांढरी चादर हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवा आणि स्टेजच्या मागे ताणून बांधा. मुलगी येते, रुंद ब्रश धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवते आणि चादरीवर "सुस्वागतम्" लिहिते. ब्रश पाण्यासारखा दिसतो, पण पिवळ्यावर अक्षरं लालभडक उमटत जातात, शेवटच्या रांगेपर्यंत दिसतात. मग दुसरा मुलगा लिंबाच्या रसाचा बोळा फिरवतो आणि अक्षरं पुन्हा पिवळी होऊन पुसली जातात. हळद आणि चुन्यातून कुंकू कसं होतं, तेही तिथेच सांगून टाकावं. बायका लगेच माना डोलावतात.

पुढे जास्वंद. पाकळ्या गरम पाण्यात घालून ठेवल्या की रंग उतरतो. तो दोन बरण्यांत घ्या, एकीत लिंबू, दुसरीत धुण्याचा सोडा. पहिली गडद गुलाबी, दुसरी हिरवी. कोकमाच्या रसात खायचा सोडा टाकला की आधी फसफसतं, मग लाल रंग जाऊन काळसर जांभळा होतो. परीक्षानळ्या वापरू नका, तिसऱ्या रांगेपलीकडे काही दिसत नाही. लोणच्याच्या काचेच्या बरण्या घ्या आणि मागे पांढरा कागद लावून ट्यूबलाइट ठेवा.

आणि एक निळी बाटली. ३०० मिली पाणी, ६ ग्रॅम कॉस्टिक सोडा, गार झाल्यावर १० ग्रॅम ग्लुकोज आणि मेथिलीन ब्लू या निळ्या रंगाचे थोडे थेंब. बाटली अर्धीच भरा. ठेवली की रंग जातो, हलवली की निळी. ग्लुकोज रंग घालवतं, बाटलीतल्या हवेचा ऑक्सिजन तो परत आणतो. आपल्या उकाड्यात निळा रंग लवकर जातो, त्यामुळे बोलणाऱ्या मुलाला थांबून राहावं लागत नाही. कॉस्टिक सोडा मात्र तुम्हीच हाताळा, हातमोजे आणि गॉगल घालून, आणि बूच पक्कं लावून बाटली मुलाच्या हातात द्या.

पहिली रांग दहा फूट मागे घ्या. मुलांना सुती कपडे, केस बांधलेले, गॉगल सगळ्यांना. पाण्याची बादली आणि वाळू स्टेजवरच असू दे. संध्याकाळी खारे वारे पडून नंतर मतलई सुटतात, तेव्हा त्याच वेळेला मैदानात एकदा पूर्ण तालीम घ्या. आणि बोलायचं मुलांनीच, तुम्ही विंगेत उभं राहा. ज्याला कारण सांगता येत नाही त्याला तो प्रयोग देऊ नका, दुसरा द्या.

सुपारीवाला
बाईंचं पटलं. एक भर घालतो. आमच्या बागेत सुपारीच्या कोळे रोगावर बोर्डो मिश्रण फवारतात, १ टक्क्याला १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), १ किलो चुना, १०० लिटर पाणी. मिश्रण बरोबर झालं का बघायला लोखंडी कोयती बुडवतात. तांबूस थर चढला तर चुना कमी पडला. हेच स्टेजवर दाखवा. मोरचुदाच्या निळ्या पाण्यात घासलेला खिळा, आणि बाजूला पुरेसा चुना घातलेल्या मिश्रणात दुसरा. पहिल्यावर तांबं चढतं, दुसरा तसाच राहतो. फ्रान्समधल्या बोर्दो भागात मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये हे औषध जगापुढे आणलं. आमच्या पोरांका ह्यां करून दाखवूक सांगा, मोरचूद मी देतंय.

खाडीपलीकडची
सगळ्यांचे मनापासून आभार. मुलांना आज वाचून दाखवलं. चादरीवर काय लिहायचं यावरून आत्ताच भांडण सुरू झालंय. मोरचूद हवंच आहे दादा, निरोप पाठवते. बाई, एक विचारायचं राहिलं. कार्यक्रम संध्याकाळी सातला आहे, निळी बाटली सकाळीच करून ठेवली तर चालेल?

निवृत्त विज्ञानबाई
सकाळी नको. काही तासांत ते पाणी पिवळं-तपकिरी पडत जातं आणि निळा उठून दिसत नाही. कॉस्टिकचं पाणी दुपारी करून गार होऊ द्या, ग्लुकोजची पुडी वेगळी बांधून ठेवा आणि सहाच्या सुमाराला एकत्र करा. दोन बाटल्या करा, एक हातातून पडली तर दुसरी असू दे.