मदत हवी आहे : नवं ग्राफिक्स कार्ड घेताना मेमरीचा वेग पाहू की क्षमता?

नमस्कार मंडळी,

ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये मोठे सीन रेंडर करतो, म्हणजे त्यांची अंतिम चित्रं तयार करतो. सध्याच्या कार्डाची ८ जीबी मेमरी भरली की काम रखडतं, म्हणून पुढच्या पिढीचं कार्ड घेईन म्हणतोय.

एचबीएम या ग्राफिक्स मेमरीची रचना मला मनापासून आवडते. चिप एकावर एक रचून जीपीयूला (कार्डाच्या मुख्य प्रोसेसरला) खेटून बसवतात, त्यामुळे चिपांच्या एकेका थप्पीला डेटासाठी १०२४ बिटांची रुंद वाट मिळते. २०१९च्या रेडिऑन सेव्हन कार्डावर १६ जीबी एचबीएम२ होती, वेग सेकंदाला सुमारे १ टेराबाइट! पण आता ती मुख्यतः एआयच्या महागड्या कार्डांवरच दिसते. उलट नेहमीच्या कार्डांवरच्या जीडीडीआर७ मेमरीची प्रत्येक चिप फक्त ३२ बिटांची, तरी पॅम३ सिग्नलिंगमुळे (तीन पातळ्यांचे सिग्नल वापरण्याच्या पद्धतीमुळे) आरटीएक्स ५०९० कार्ड सेकंदाला १७९२ जीबीपर्यंत पोचतं.

माझी खरी अडचण वेगळीच आहे. जीडीडीआर७च्या ३ जीबीच्या चिप वापरल्या तर २५६ बिटांच्या, म्हणजे आठ चिपांच्या कार्डावर १६ऐवजी २४ जीबी बसते. सायकल्समध्ये (ब्लेंडरच्या रेंडर इंजिनात) रेंडर करणाऱ्यांनी कृपया सांगा, तुम्हाला जास्त फरक कशाने जाणवला, वाढीव क्षमतेने की वेगाने? १६ जीबीचं जीडीडीआर६ कार्ड आत्ताच घेतलं तर पुन्हा अडकेन का? टेक्स्चर ४के आहेत आणि केस-गवताचे कण भरपूर.